पावणेपाचचा गजर

मामाला ते घड्याळ मी आणून दिलं. म्हणून पुढे जे झालं त्याचं खापर आईने आधी माझ्याच डोक्यावर फोडलं. आता सगळं नीट झालंय, तर श्रेय मात्र ती मला देत नाही.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. कर्णबधिरांच्या शाळेत तो लिहा-वाचायला शिकला आणि खुणांनी बोलायला तर इतका शिकला, की तिथली मुलं त्याला बडबड्या म्हणायची. मग तिशीत त्याचे डोळे जायला लागले. आधी संध्याकाळचं दिसेना, मग कडेचं दिसेना. काही वर्षं समोरचं नळीतून पाहावं तेवढं उरलं, आणि मग तेही गेलं. आई त्याला आमच्या घरी घेऊन आली तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबा होते तोवर आम्ही चौघं होतो, मग तिघं.

त्याच्याशी बोलायचं म्हणजे त्याच्या तळहातावर बोटाने लिहायचं. तो हात उलगडून पुढे करतो, आपण एकेक अक्षर गिरवतो. वरची रेघ द्यायची नाही, वेळ जातो. चुकलं तर पाटी पुसावी तसा तळवा पुसायचा. वाक्य संपलं की एक थाप. त्याला लिहिणारा माणूस बोटावरून ओळखू येतो. मी लिहिते तेव्हा म्हणे गुदगुल्या होतात. आई लिहिते तेव्हा कणीक तिंबल्यासारखं वाटतं. तो स्वतः मात्र खुणांनी बोलतो, आणि आम्ही बघतो. म्हणजे त्याच्याकडून आमच्याकडे यायला सरळ रस्ता, आणि आमच्याकडून त्याच्याकडे जायला पायवाट. आई दिवसभर कामात, तिला कुठला एवढा वेळ असायला. ती लिहायची ते थोडक्यात. ऊठ. जेव. गोळी. झोप.

आमच्या घरापासून अर्ध्या तासावर एक कार्यशाळा आहे. न दिसणारी माणसं तिथे खुर्च्या विणतात, ब्रश बनवतात. मामा तिथे वेताच्या बैठका विणतो. वेताच्या पट्ट्या पत्र्याच्या टपात भिजत घालायच्या, नरम झाल्या की खुर्चीच्या भोकांतून ओवायच्या, उभ्या, आडव्या, मग तिरक्या. त्याने विणलेल्या बैठकीत एक पट्टी सैल सापडायची नाही. सकाळी व्हॅन घराच्या कोपऱ्यावरून त्याला घेते, संध्याकाळी साडेपाचला निघून परत सोडते.

त्याच्याकडे आधी झाकणाचं घड्याळ होतं. झाकण उघडून काटे बोटाने चाचपायचे, तसलं. पण वेताचं काम करणाऱ्याच्या मनगटाला ते मानवेना. पट्टी काट्याला अडकायची, काटा वाकायचा. चौथ्यांदा नेलं तेव्हा घड्याळजी म्हणाला, "याचे काटे आता कुठे मिळत नाहीत. आणि खरं सांगू का, यांनी घड्याळ घालूच नये."

मी तेव्हा खेळाच्या सामानाच्या दुकानात नुकतीच लागले होते. पळणाऱ्यांसाठी, पोहणाऱ्यांसाठी, डोंगर चढणाऱ्यांसाठी जाडजूड डिजिटल घड्याळं आमच्याकडे असत. गिऱ्हाइकाला दाखवताना आम्ही ती मुद्दाम फरशीवर आपटायचो. त्यातल्या एकाचा गजर वाजत नसे, नुसता थरथरत असे. मी ते सहज मनगटावर बांधून बघितलं, आणि पहिल्या थरथरीलाच मला मामा आठवला.

घरी आणून त्याच्या हातात दिलं. त्याने अंगठ्याने ते सगळीकडून चाचपलं. जाड पट्टा, चारी बाजूंना उंचवटे, चार बटणं, आणि मधे गुळगुळीत काच. काचेवर बोट फिरवून तो थांबला आणि खुणेने म्हणाला, "कासव आहे का? आणि ही काच कोणासाठी?"

मी ते त्याच्या मनगटावर बांधलं आणि एक मिनिट थांबायला सांगितलं. गजर झाला तसा त्याने हात असा झटकला की जणू गांधीलमाशी चावली. मग तो हळूच बसला, दुसऱ्या हाताने ते घड्याळ झाकलं, आणि म्हणाला, "पुन्हा." त्या संध्याकाळी मी त्याला अकरा वेळा पुन्हा करून दाखवलं.

त्या घड्याळात पाच गजर लावता येत होते. दुसऱ्या दिवशी आईने माझ्याकडून कसे लावायचे ते शिकून घेतलं आणि पाचही भरून टाकले. साडेसहाला उठायचं. आठला रक्तदाबाची गोळी. एकला जेवण. सव्वापाचला काम आवरून व्हॅनपाशी यायचं. रात्री नऊला झोपायचं. आई म्हणाली, "आता माझं निम्मं काम गेलं बघ." आणि खरंच गेलं. सकाळी त्याला हलवून उठवावं लागेना. कार्यशाळेतले मास्तर त्याला व्हॅनची वेळ सांगायला येत, तेही यायचे थांबले.

पंधरा दिवसांनी मामा घरी आला तो घड्याळाचा पट्टा ओला.

"पाण्यात पडलं?" मी हातावर विचारलं.

"टाकलं," तो म्हणाला. "वेताच्या टपात."

"का?"

त्याने आईच्या दिशेने तोंड केलं. आई कुठे उभी आहे हे त्याला जमिनीच्या हादऱ्यावरून कळतं. तो म्हणाला, "हे घड्याळ नाही. ही ताई आहे. आधी ताई घरी होती. आता कामावरही येते."

आई हसली, पण तिला ते लागलं. "बघ," ती मला म्हणाली, "एवढं करून वर हे ऐकून घ्यायचं." घड्याळाला अर्थात काही झालं नव्हतं. टपाच्या तळाशीही ते थरथरत राहिलं असणार.

त्यानंतर चार दिवसांनी मामाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "मला बटणं शिकव. वेत भिजवायची वेळ लावायची आहे. जास्त भिजला की काळा पडतो."

मला ते पटलं. पण शिकवायचं कसं? बटण दाबल्यावर काचेवर काय बदललं ते बघूनच पुढचं बटण दाबतो आपण. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दुकानाच्या मागच्या गोदामात बसले, डोळे मिटले आणि नुसती मोजत बटणं दाबली. दाबायचं, मग डोळे उघडून कुठे पोचलो ते बघायचं. तीन दिवस हेच. मॅनेजरने एकदा डोकावून विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" तीन दिवसांनी माझ्याकडे पाढे तयार झाले. डावीकडचं खालचं बटण इतक्या वेळा, की गजरांचं पान येतं. वरचं दाबून धरलं की तास. मग उजवीकडचं एकेकदा दाबलं की एकेक तास पुढे. चुकलं असं वाटलं तर हात काढून घ्यायचा आणि थोडा वेळ थांबायचं, घड्याळ आपोआप पहिल्या पानावर येतं. एकच गोष्ट अवघड होती. आत्ता कुठला आकडा लावलेला आहे हे डोक्यात ठेवावं लागे, कारण मोजायचं तिथून पुढे. पण मामा खुर्चीची सगळी भोकं डोक्यात ठेवून विणतो. त्याला मी पाच गजरांचे पाच आकडे सांगितले, ते त्याने पुन्हा विचारले नाहीत.

पहिल्या आठवड्यात गोंधळ झाले. एकदा गोळीचा गजर दहाला झाला. एकदा तो सगळ्या घराच्या आधी उठून दात घासून बसला. मग हात बसला. आईला यातलं काही आम्ही सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही, पण सांगितलंही नाही.

मग एका रविवारी दुपारी आम्ही तिघं घरात होतो. आई वाळलेले कपडे घडी करत होती, मामा घड्या रचत होता. एकाएकी त्याचं मनगट थरथरलं. लाकडी पलंगाच्या कडेवर हात होता, म्हणून आवाज मलाही ऐकू आला. मामा ताडकन उभा राहिला. चेहरा असा उजळला, की मी तो तसा कधी पाहिला नव्हता. दोन पावलं टाकली, आणि मग आज रविवार आहे हे त्याला आठवलं असावं. तो परत खाली बसला आणि पुढचा टॉवेल उचलला.

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेपाच.

"हा कसला गजर?" ती म्हणाली. "मी नाही लावलेला." मग तिला आणखी एक गोष्ट सुचली. "आणि दुपारी एकचा झालाच नाही आज. मीच त्याला जेवायला उठवलं."

तिने मामाचा हात ओढून घेतला आणि लिहिलं, "पावणेपाचचा कसला?"

मामाने हात सोडवून घेतला नाही. फक्त दुसऱ्या हाताने आपल्या छातीला बोट लावलं. "माझा."

आईने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग ती माझ्याकडे वळली. "काय गं, तू शिकवलंस ना हे?"

"वेत भिजवायला म्हणाला होता."

"वेत!" आई म्हणाली, आणि घडी केलेली चादर तिने पुन्हा उलगडून पुन्हा घडी केली.

मी हिशोब लावून पाहिला. पाचही गजर आईने भरलेले, सहावी जागा नाही. म्हणून त्याने जेवणाचा गजर बळकावला होता. एकचे चार करायला उजवीकडचं बटण तीनदा, आणि शून्याचे पंचेचाळीस करायला पंचेचाळीस वेळा. काचेवर काहीही न दिसता, मनात मोजत. ज्या माणसाने एवढं मोजलं, त्याला काहीतरी फार हवं असणार, एवढं मला कळलं.

सोमवारी आईने अर्धा दिवस रजा टाकली. ती एका दवाखान्याच्या धुलाईत चादरींना इस्त्री करते, रजा सहसा काढत नाही. मलाही बरोबर यायला लावलं. बसमध्ये तिचा जीव टांगणीला लागला होता आणि तोंड चालू होतं. तो कोणाच्या नादाला लागला असेल, कोणी त्याला फसवत असेल, व्हॅन चुकली म्हणजे, रस्ता ओलांडायला गेला म्हणजे. "त्याला वाटतं मी त्याच्या मागे लागते. अगं, डोळ्यांत तेल घालून सांभाळलंय मी त्याला."

साडेचारला आम्ही पोचलो. मास्तर फाटकाशीच भेटले. आईने विचारलं तसे ते जरा ओशाळले. म्हणाले, "काळजीचं काही नाही हो. मागे जाऊन बघा. पण जरा लांबूनच बघा."

कार्यशाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून एक सिमेंटचा बाक आहे. आम्ही सामानाच्या खोलीच्या जाळीच्या खिडकीतून पाहत होतो. पावणेपाचला मामा भिंतीला हात लावत लावत आला आणि बाकावर बसला. मिनिटभराने पांढरी काठी टेकत एक बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या पुढे, केसांत ब्रशाचे बारीक तंतू अडकलेले. ब्रशवाल्यांना धुळीमुळे लवकर सोडतात. त्या बसल्या, काठी मिटली, आणि मामाने दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून बोटं पसरली. त्यांनी आपली बोटं त्याच्या बोटांवर ठेवली आणि पेटी वाजवावी तशा वाजवू लागल्या.

मला समजायला वेळ लागला. ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षर सहा टिंबांत बसतं. तीन डावीकडची, तीन उजवीकडची. त्यांनी ती सहा टिंबं मामाच्या सहा बोटांवर वाटून टाकली होती. दोन्ही तर्जन्या एकदम दाबल्या की च. डावी तर्जनी आणि मधलं बोट मिळून ब. डोळे जात होते तेव्हा मास्तरांनी मामाला ब्रेल शिकवलं होतं, आणि कार्यशाळेतली तीन पुस्तकं त्याने इतक्या वेळा वाचली होती की टिंबं झिजून सपाट झाली होती. त्यानंतर ते ज्ञान नुसतं पडून होतं.

त्या बाईंची बोटं थांबत नव्हती. रोज ब्रशाच्या शेकडो भोकांतून तारेने तंतू ओढून घेणारी ती बोटं. मी तळव्यावर एक वाक्य लिहीपर्यंत त्यांनी पाच सांगितली असती. मधेच मामाने आपली बोटं वर घेतली आणि त्यांच्या बोटांवर काहीतरी वाजवलं. त्या हसल्या. मग त्यांनी उत्तर दिलं आणि मामा हसला.

मामाला आपलं हसू ऐकू येत नाही. म्हणून ते मोठं, ओबडधोबड, मधेच चिरकणारं येतं. शाळेत असताना मला त्याची लाज वाटायची. किती वर्षं झाली, ते घरात ऐकलंच नव्हतं, आणि आपण ते ऐकलं नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आई जाळीला धरून उभी होती. सव्वापाचला मामाचं मनगट थरथरलं असावं, कारण तो उठला. दोघं एकमेकांच्या कोपराला धरून फाटकाकडे गेले.

"जायचं का पुढे?" मी विचारलं.

"नको," आई म्हणाली. "बसने जाऊ आपण."

रात्री मामा झोपायला गेल्यावर भांडी विसळताना आई म्हणाली, "वीस वर्षं मी त्याला काय सांगितलं गं? ऊठ. जेव. झोप. गुरांना सुद्धा लोक याहून जास्त बोलतात."

"तुला वेळ कुठे होता?"

"ते झालंच," आई म्हणाली. "पण त्याला होता ना."

आठवडाभराने आई पुन्हा कार्यशाळेत गेली, या वेळी एकटी, आणि सरळ ब्रशांच्या टेबलापाशी. त्या बाईंना तिथे सगळे रेडिओ म्हणतात, कारण सगळ्या जगाची बातमी त्यांच्याकडे आधी पोचते. आईने आपण कोण ते सांगितलं. रेडिओबाई म्हणाल्या, "माहीत आहे. गेल्या सोमवारी खिडकीत होतात तुम्ही. इस्त्रीच्या कपड्यांचा वास आला."

आई काय बोलायला गेली होती कोणास ठाऊक. तिच्या तोंडून निघालं, "मला शिकवाल का?"

सुरुवात कशी झाली ते तेव्हा कळलं. ब्रशवाल्यांचं आणि वेतवाल्यांचं पाणी एकाच नळावर. एका दुपारी रेडिओबाईंना वेताच्या टपातून घूं घूं आवाज आला. त्यांना वाटलं, भुंगा पडलाय. काठीने ढवळलं तर टणटण वाजलं. हात घातला तर घड्याळ. "मी विचारलं कोणाचं, तर सगळे म्हणाले वेतवाल्याचं. त्याच्या मनगटाला बांधायला गेले तर हात मागे घेई. हट्टी माणूस. मला काय करावं कळेना. मला तुमची अक्षरं येत नाहीत, जन्मात पाहिली नाहीत. मग मी त्याच्या हाताच्या मागे टिंबं टोचून विचारलं, का टाकलंस? आणि ताई, तो रडायला लागला हो. माझ्या हातावर तसंच टोचून म्हणाला, माझ्याशी कोणी असं पूर्ण वाक्य बोललंच नाही पुष्कळ दिवसांत." त्यांनी ब्रशावरचे तंतू झटकले. "पूर्ण वाक्य कसलं. दोन शब्द होते."

पावणेपाचची वेळ त्याने स्वतः ठरवली होती. तोवर त्याला कुठलीही वेळ गाठायची तर मास्तरांना सांगून ठेवावं लागे, आणि मास्तर विचारत, कशाला? ज्याला प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी बोटातून मागून घ्यावी लागते, त्याच्याजवळ स्वतःपुरतं असं काही राहत नाही. मला हे वीस वर्षं एका घरात राहून सुचलं नव्हतं.

आई शिकायला लागली. भाजी शिजेपर्यंत ओट्याच्या कडेवर बोटं वाजवायची, बसमध्ये मांडीवरच्या पिशवीवर वाजवायची. मामाला यातलं काही माहीत नाही असं तिला वाटत होतं. पण रेडिओच्या पोटात काय राहणार? मामाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तोही काही बोलला नाही. तो वाट बघत होता.

तीन महिन्यांनी मामाने सांगितलं, की त्या दोघांना लग्न करून वेगळं राहायचं आहे. रात्रभर आईने मलाच समजावून सांगितलं, की एकाला ऐकू येत नाही, दोघांना दिसत नाही, गॅस कोण लावणार. दुसऱ्या दिवशी तिने तेच रेडिओबाईंना ऐकवलं.

"ताई, मी तेरा वर्षं एकटी राहते," त्या म्हणाल्या. "स्वयंपाक मीच करते. तुमचे हात दाखवा बरं." आणि आईचे हात हातात घेऊन त्यांनी इस्त्रीच्या चटक्यांचे डाग एकेक करून मोजले. नऊ भरले. मग आपले हात पुढे केले. "मोजा माझे."

आईला दोन सापडले.

नोंदणीच्या कचेरीत आम्ही सकाळी लवकर गेलो. मास्तर साक्षीदार, मी साक्षीदार. टेबलामागचे साहेब भले होते पण काटेकोर. त्यांनी आधी रेडिओबाईंना विचारलं, मग मामाकडे पाहिलं. "यांना संमती विचारावी लागेल."

"मी विचारते," रेडिओबाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही. तुम्ही वधू. वधूने विचारून वधूनेच उत्तर सांगायचं, ते चालणार नाही. घरचं कोणी?"

आई पुढे झाली. मला वाटलं, ती नेहमीसारखी तळव्यावर लिहील. तिने त्याच्या हाताला स्पर्श केला, मामाने बोटावरून तिला ओळखलं, आणि तळहात उलगडला नाही. त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि बोटं पसरली.

आई खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली, त्याच्या बोटांवर बोटं ठेवली आणि ओठांनी एकेक अक्षर पुटपुटत सुरुवात केली. साहेबांचा प्रश्न लांबलचक होता, सज्ञान, स्वखुशीने, दबावाशिवाय वगैरे. आईने तो आपल्या मापाचा केला होता. तिला विचारायचं होतं, "बायको ही हवी?"

आईच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लहानपणी दारात चेमटलं होतं, ते तिच्या मनाविरुद्ध खाली पडतं. आणि ह च्या टिंबांत त्या बोटाचं एक टिंब जास्त झालं की र होतो.

मामाच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याने खुणेने विचारलं, "बायको ही रवी? ताक घुसळायचं आहे का?"

मी फिस्सकन हसले. मास्तर हसले. मामा तर खदखदून हसायला लागला, ते त्याचं मोठं चिरकं हसू, आणि रेडिओबाई आधी "काय झालं, काय झालं" म्हणत राहिल्या आणि मी सांगितल्यावर टेबलावर डोकं टेकून हसल्या. साहेब गंभीर झाले. "उत्तर होकारार्थी आहे की नाही?"

"थांबा हो," आई म्हणाली. तिने त्याचे दोन्ही हात पुसून काढले, पाटी पुसावी तसे, आणि ते डावं बोट तळव्याशी दुमडून, उरलेल्या बोटांनी पुन्हा विचारलं. अगदी सावकाश. ज्या अक्षराला ते बोट लागे, तेवढ्यापुरतं ते बाहेर काढत. वीस वर्षांत तिने त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल, ज्याचं उत्तर तिने आधीच ठरवलेलं नव्हतं.

शाळेत मामाला थोडं बोलायला शिकवलं होतं. तो आवाज तो कधी वापरत नसे. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "हो." त्याला कळलं नाही किती मोठ्याने. पलीकडच्या खिडकीवरची रांग वळून बघायला लागली. साहेबांनी लेखणी उचलली.

दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर त्यांनी खोली घेतली. दारावर कोणी आलं तर मामीला ऐकू येतं. जड उचलायचं, दुरुस्तीचं काम मामाकडे. मामीचं घड्याळ बटण दाबलं की बोलतं, ते मामाच्या कामाचं नाही, आणि मामाचं थरथरतं, ते मामी झोपेत धरून ठेवते असं तिनेच मला सांगितलं. भांडतातही. मामी रागावली की हात मागे घेऊन बसते, आणि मग मामाला बोलताच येत नाही. तो म्हणतो हा अन्याय आहे, आणि मला ते पटतं.

पहिले काही महिने आईला घर खायला उठायचं. साडेसहाला ती कोणाला न उठवता नुसतीच उठायची. मग ती गुरुवारी तिकडे जायला लागली, कारण गुरुवारी तिला लवकर सुट्टी असते आणि रविवारसारखीच कार्यशाळाही बंद असते.

गेल्या गुरुवारी मी तिला आणायला गेले होते. दार उघडंच होतं. मामी बाहेरच्या पायरीवर लसूण सोलत बसली होती. मी आत जायला लागले तर तिने माझा पाय धरला. "जरा थांब. दीड तास झाला, चालू आहे त्यांचं."

"काय चालू आहे?"

"तुझ्या बाबांचं सांगतेय."

बाबा गेले तेव्हा आईने मामाच्या तळहातावर दोन शब्द लिहिले होते. "दाजी गेले." मग लोक आले, धावपळ झाली, आणि नंतर तिच्याच्याने लिहवलं नाही. कसे गेले, सकाळी काय झालं, दवाखान्यात कोण होतं, शेवटी काय बोलले, हे मामाला चौदा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं नव्हतं. आणि बाबांवर त्याचा फार जीव होता, बाबाच त्याला दाढी करून द्यायचे.

मी दारातून पाहिलं. दोघं जमिनीवर समोरासमोर बसले होते, मधे चहाचे कप तसेच भरलेले. आईची बोटं सावकाश चालली होती. मधेच थांबायची, ती नाक पुसायची, पुन्हा सुरू करायची. मामाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला तो हात काढून घेत नव्हता. एकदा त्याने आपली बोटं वर घेतली आणि आईच्या बोटांवर काहीतरी विचारलं. आईने मान हलवली, मग तिला आठवलं की मान त्याला दिसत नाही, आणि तिने पुन्हा बोटं ठेवली.

मी पायरीवर बसले. मामीने निम्मा लसूण माझ्या ओंजळीत दिला.